घोरावडेश्वराचा डोंगर आणि भूविज्ञानाचा आवाका

पृथ्वी कोणत्या द्रव्यांची बनली आहे, ती द्रव्ये कशी घडतात व झिजतात आणि या घडामोडींचा कालक्रम काय, या प्रश्नांची उत्तरे प्रामुख्याने खडकांच्या पुराव्यावरून शोधणारे शास्त्र म्हणजे भूविज्ञान होय. दगडांची नावे सांगणारे शास्त्र, अशी त्याची सर्वसाधारण ओळख असली, तरी त्याचा खरा आवाका देहूरोडहून तळेगावकडे जाताना लागणाऱ्या घोरावडेश्वराच्या एकाच डोंगरावरून ध्यानात येतो.

बौद्ध लेणी पोटात असलेला हा डोंगर बेसाल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या, बारीक कणांच्या खडकाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीतील भेगांवाटे लाव्हाचे लोट पुन्हा पुन्हा बाहेर पडून एकावर एक थिजले आणि आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला दक्खन ट्रॅप तयार झाला. थरांच्या कमी-अधिक झिजेमुळे डोंगरांना पायऱ्यांचे रूप येते, म्हणून पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ‘ट्रॅप’ हे नाव पडले.

लोटाच्या माथ्याकडील दगड जवळून पाहिला, तर वायूच्या बुडबुड्यांनी सोडलेल्या पोकळ्या आणि पाण्यातून निवळून त्यांत साचलेली पांढरी झिओलाइटे किंवा गारगोटी दिसते. या दाण्यांची ओळख हे खनिजविज्ञानाचे काम, खडकाच्या घडणीचा उलगडा हे शिलाविज्ञानाचे, तर थरांचा क्रम लावणे हे स्तरविज्ञानाचे. दोन लोटांच्या मध्ये काही ठिकाणी आढळणारा तांबडा मातकट थर मधल्या विश्रांतीकाळाची खूण मानला जातो. अशा काळात सजीवही नांदत होते, हे मुंबईत वरळीला लोटांमधील गाळाच्या थरांत सापडलेल्या बेडकांच्या जीवाश्मांवरून पुराजीवविज्ञानाने दाखवून दिले. खडकाचे वय मात्र पोटॅशियमच्या किरणोत्सर्गी अणूंपासून ठरावीक गतीने बनणाऱ्या आर्गॉन वायूच्या प्रमाणावरून काढता येते.

हे ज्ञान भूतकाळापुरते नाही. विहीर खणताना मुरूम (झिजलेला खडक), मांजऱ्या (खनिजांनी भरलेल्या पोकळ्यांचा खडक) आणि काळा पाषाण अशी खडकांची पारख खणणाऱ्यांना असतेच. भूजलविज्ञान तिच्यामागचे कारण सांगते. खनिजांनी बुजलेल्या, एकमेकींना न जोडलेल्या पोकळ्यांतून पाणी वाहत नाही, अखंड पाषाणातही ते मुरत नाही. ते साठते झिजलेल्या थरात आणि लाव्हा थंड होताना पडलेल्या भेगांत. म्हणूनच शेजारच्या दोन बोअरपैकी एकीला पाणी लागते आणि दुसरी कोरडी जाते. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात बांधकामासाठी जमीन झाकताना किंवा खडीसाठी टेकडी फोडताना पाणी मुरण्याच्या याच वाटा बुजतात वा तुटतात. त्या कुठे आहेत, हे आधी तपासणे भूविज्ञानाच्या कक्षेत येते आणि ते नगररचनेचे पहिले काम ठरले पाहिजे. कारण लाव्हा थिजताना पडलेली भेग माणसाला नव्याने घडवता येत नाही.