कातळावरचं बी, रापणीतली मासळी

बायबलचा वर्ग म्हटला की पुष्कळांना पाठांतर आठवतं. वचन म्हणा, अध्याय सांगा, चुकलात तर पुन्हा म्हणा. शब्बाथशाळेत आम्हीही तेच केलं आणि ते वाया गेलं असं मी म्हणणार नाही. पण मोठ्यांच्या वर्गाची गंमत निराळी. कोण कधी काय विचारेल याचा नेम नाही. रत्नागिरीत मत्तयाचा तेरावा अध्याय काढला, की शिकवणाऱ्याला फारसं काम उरत नाही.

पेरणाऱ्याचा दाखला घ्या. खडकाळ जमिनीवर पडलेलं बी लगेच उगवतं आणि ऊन चढल्यावर करपतं. भाष्यकारांनी ती जमीन समजावायला पानं खर्ची घातली आहेत. इथे सड्याकडे बोट दाखवलं की झालं. जांभ्याचा कातळ, वर बोटभर माती. पावसात हिरवागार, भाद्रपदात फुलांनी भरलेला, ऑक्टोबरच्या उन्हात भाजून निघालेला. शेतकऱ्याची शंका मात्र भलतीच असते: “बी वाटेवर सांडेपर्यंत हा बघत काय होता?” तरवा जपून टाकणारा, रोपं काढून लावणी करणारा माणूस असं विचारणारच. त्या देशात धान्य फोकून पेरत, हे सांगावं लागतं. मग चर्चा पेरणाऱ्याच्या सढळ हाताकडे वळते आणि ठरवलेला पाठ तसाच राहतो. खुशाल राहू द्यावा.

जाळ्याचा दाखलाही याच अध्यायात आहे. जाळं भरलं, काठाला ओढलं, मग बसून चांगले मासे भांड्यात घेतले, वाईट फेकले. मी न्यायाच्या दिवसाबद्दल काहीबाही सांगत होतो. वेंगुर्ल्याकडच्या एक काकू म्हणाल्या, “रापण ओढताना कोण मासळी निवडत बसता? आधी सगळा वाळयेर येवक व्हया.” माणसांची निवड करायची घाई आपल्याला, देवाला नाही, हा मुद्दा मी अर्धा तास मांडला असता. काकूंनी दोन वाक्यांत उरकला.

वर्गातल्या प्रश्नातून किती मोठं काम उभं राहू शकतं, हे मराठीला चारशे वर्षांपासून ठाऊक आहे. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स साष्टीत धर्मशिक्षण देत. आमची जुनी पुराणं सुटली, आता वाचायला काय, असं नव्या ख्रिस्ती श्रोत्यांपैकी एका ब्राह्मणाने विचारल्याचं त्यांच्या काव्याच्या आरंभीच येतं. त्या मागणीचं उत्तर म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’: सुमारे ११ हजार ओव्या, १६१६ साली राचोलला छापलेल्या, तेही रोमन लिपीत.

आपल्या जिल्ह्यातही जुने धागे आहेत. १८२३ पासून स्कॉटिश मिशनरी बाणकोट-हर्णे भागात शाळा चालवत होते. पुढे ज्यांचं नाव मुंबईच्या कॉलेजला मिळालं ते जॉन विल्सन १८२९ मध्ये मराठी शिकायला हर्ण्यालाच येऊन राहिले. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा जन्म १८६१ चा, करजगावचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला. आगगाडीत एका अनोळखी सहप्रवाशाने दिलेला नवा करार त्यांनी वाचायला घेतला आणि डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगरला त्यांनी शिकवलं, कीर्तनं केली आणि अभंग रचले. मराठी उपासनेला टाळ-मृदंगाची गोडी लागली ती त्यांच्यासारख्यांमुळे. माझ्या मते, त्यांच्या एका भजनाने वर्ग सुरू केला तर प्रास्ताविकाची गरजच राहत नाही.

शिकवण्याची हौस असलेल्यांना एवढंच सांगतो. तेराव्या अध्यायापासून सुरुवात करा. समोर एखादा शेतकरी आणि समुद्र जाणणारं एखादं माणूस असू द्या. टिपणं घरी ठेवा. आणि कुणी प्रश्न विचारला तर लगेच तोंड उघडू नका. शेजारी बसलेल्याला आधी बोलू द्या.