जुन्या मोटारीबरोबर जॅक कोणता न्यावा ?

वाडवडिलांची मोटार जतन करून ठेवण्याचा छंद आतां राजेरजवाड्यांपुरता राहिलेला नाहीं. आजोबांनीं १९३० च्या सुमारास घेतलेली फोर्ड किंवा ऑस्टिन दुरुस्त करून, तिचें पितळ लखलखीत घासून, ती वर्षांतून एकदोनदां बाहेर काढणारीं सुशिक्षित कुटुंबेंहि आज आहेत. सरकारनें २०२१ सालीं मोटार-वाहन नियमांत दुरुस्ती करून, पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या वाहनांस ‘विंटेज’ हा स्वतंत्र वर्ग दिला. त्यांच्या क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात, आणि प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणें व देखभाल एवढ्याच कारणांसाठीं तीं रस्त्यावर आणण्याची मुभा आहे. अर्थात् अशी मोटार क्वचित् बाहेर पडते, आणि तिच्या पेटींतील हत्यारें त्याहूनहि क्वचित्. रंग, चामडें, दिवे यांकडे सर्वांचें लक्ष असतें. परंतु ज्या एका साधनावर रस्त्याच्या कडेस मनुष्याचा हात व प्रसंगीं प्राणहि अवलंबून राहतो, तो जॅक गोणपाटांत गुंडाळलेला गंजत पडतो. प्रस्तुत लेखांत त्याचाच विचार करावयाचा आहे.

आमची दिघी श्रीवर्धन तालुक्यांत, राजपुरीच्या खाडीच्या दक्षिण तीरावर वसलेली आहे. मुरुडाकडून येणारी मोटार आगरदांड्यास फेरीबोटीवर चढते व इकडच्या धक्क्यावर उतरते. माणगांवाकडून येणारी म्हसळ्यावरून येते. वाटेंत वळणें, चढउतार, रस्त्याच्या मातीच्या कडा, आणि बंदराकडे जाणारीं जड वाहनें. शहरांत पंक्चर झालें तर हांकेच्या अंतरावर कारागीर मिळतो. येथें बहुधा आपणच आपले कारागीर. एकदां पावसाळ्याच्या अखेरीस मीं असें पाहिलें कीं, एका गृहस्थानें रस्त्याच्या कडेस जॅक लावून चाक काढलें. जमीन वरून कोरडी, आंतून ओली. जॅकचें बूड एका बाजूनें रुतलें, जॅक कलला, आणि मोटार धाडकन् ब्रेकच्या ड्रमवर बसली. त्यांचा लहान मुलगा क्षणापूर्वीं तेथेंच वांकून पाहत होता. इजा कोणासहि झाली नाहीं, हें दैव. पुढें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आजोबांची मोटार इकडे आणण्यापूर्वीं, “गुरुजी, जॅक किती टनांचा घेऊं ?” असें विचारलें, तेव्हां जें उत्तर मीं त्यास दिलें तेंच येथें विस्तारानें देतों.

जॅक किती टन उचलतो, हा पहिला प्रश्न नव्हे. हात काढून घेतल्यावर तो कशाच्या आधारानें उभा राहतो, हा पहिला प्रश्न होय. मळसूत्री जॅक म्हणजे खांबाभोंवतीं गुंडाळलेली उतरण. ह्या उतरणीचा कोन पुरेसा लहान ठेवला म्हणजे धातूंतील घर्षण भाराला खालीं घसरूं देत नाहीं. दांडा सोडला तरी भार होता तेथेंच राहतो. याची किंमत आपण श्रमानें देतों. जो जॅक भारानें आपोआप उलटा फिरत नाहीं, त्यांत आपल्या श्रमाचा अर्ध्याहून अधिक भाग घर्षणांतच खर्च होतो, असें यंत्रशास्त्राचें गणित आहे. बाहु थकतात ते यामुळेंच, आणि हात सुरक्षित राहतो तोहि यामुळेंच.

दुसरा प्रकार तेलाचा, ज्यास बाजारांत बाटली जॅक म्हणतात. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखा पसरतो, हें पास्कलनें सतराव्या शतकांत दाखविलें. त्या तत्त्वावर जोसेफ ब्रामा यानें १७९५ मध्यें इंग्लंडांत दाबयंत्राचें पेटंट घेतलें, व १८५१ मध्यें अमेरिकेंत रिचर्ड डज्जन यानें जॅकचें. हा जॅक थोड्या श्रमांत पुष्कळ भार उचलतो खरा. परंतु उचललेला भार एका वायसरच्या व एका लहानशा झडपेच्या भरंवशावर राहतो. वर्षानुवर्षें पडून राहिलेली वायसर सुकते, तेल झिरपतें, आणि मोटार हळूहळू, क्वचित् एकाएकीं, खालीं येते. तो नेहमीं वापरांत असेल व उभाच ठेवला जात असेल तर उपयोगी आहे; पेटींत आडवा पडून राहणार असेल तर नव्हे.

घरांतील नव्या मोटारीचा कात्री जॅक उचलून नेण्याचा मोहहि अनेकांस होतो. तोहि मळसूत्रानेंच चालतो; पण त्याचें डोकें त्या नव्या मोटारीच्या कडेच्या पत्र्यासाठीं खांचलेलें असतें. जुन्या मोटारीच्या गोल आंसाखालीं तें नीट बसत नाहीं, व त्याची उंचीहि बहुधा पुरत नाहीं. दांतेरी पट्टीवर खटक्यानें चढणारा उंच जॅक तर टाळावाच. खटका निसटला कीं त्याचा दांडा उसळून तोंडावर येतो. सारांश, रुंद बुडाचा, खोलगट डोक्याचा, साधा मळसूत्री जॅक हाच प्रवासास योग्य. मोटारीबरोबर मुळांत आलेला जॅक प्रदर्शनांतील परीक्षकांसाठीं अवश्य जपावा. पण त्याचे आटे झिजले असल्यास कामाला दुसरा घ्यावा.

आतां मापें. मोटार अंगणांत उभी करून ज्या जागीं जॅक लावावयाचा, म्हणजे कमानपाटे जेथें आंसावर बसतात त्या जागेखालीं, जमिनीपासूनची उंची मोजावी. एकदां हवा भरलेली असतांना व एकदां ती पूर्ण सोडून. समजा, पहिली ११ इंच व दुसरी ८ इंच भरली. जॅकखालीं दीड इंच जाडीची फळी येणार. म्हणून मिटलेला जॅक साडेसहा इंचांहून बुटका हवा. भरलेलें चाक मोकळेपणीं चढविण्यास आंस १२ इंचांवर न्यावा लागेल. म्हणून उघडलेला जॅक निदान साडेदहा इंच हवा, आणि फळी थोडी रुतेल हें धरून आणखी एकदोन इंच. आंसाऐवजीं सांगाड्याखालीं जॅक लावल्यास पाटे खालीं लोंबतात व याहून पुष्कळ अधिक उंची लागते. मागल्या आंसाच्या मधल्या डब्याखालीं, ज्यास मोटारवाले डिफरन्शिअल म्हणतात, जॅक लावूं नये. तेथें मोटार दोहों बाजूंस डोलूं लागते.

भाराचें गणित सोपें आहे. मोटार १,२०० किलोंची असेल तर एका चाकावर सुमारें ३०० किलो येतात. दीड-दोन टनांचा जॅक घेतला म्हणजे भरपूर अंतर राहतें. खरी अडचण असते ती जमिनीची. जॅकचें बूड चार इंच चौरस असेल तर तें १६ चौरस इंच झालें. दर चौरस इंचास जवळजवळ १९ किलो भार. त्याखालीं एक फूट चौरस सागवानी फळी ठेवली कीं क्षेत्र १४४ चौरस इंच होतें व भार नवव्या हिश्शावर, म्हणजे दोन किलोंवर, उतरतो. वर वर्णिलेल्या प्रसंगीं एवढी एक फळी असती तर मोटार पडली नसती.

जुन्या मोटारींची आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १९२५ पूर्वींच्या बऱ्याच मोटारींस पुढल्या चाकांना ब्रेकच नसे. आणि क्रायस्लरसारख्या कित्येक अमेरिकन मोटारींत हातब्रेक चाकांवर न बसतां गिअरपेटीच्या मागल्या फिरत्या दांड्यावर बसे. अशा मोटारीचें एक मागलें चाक उचललें कीं तें उलटें फिरूं लागतें आणि जमिनीवरील चाक सुलटें गडगडूं शकतें. हातब्रेक ओढलेला असूनहि मोटार जॅकवरून निसटते. मोटार गिअरमध्यें ठेवल्यानेंहि हें टळत नाहीं. म्हणून लांकडाच्या दोन मोठ्या पाचरी जॅकइतक्याच आवश्यक समजाव्या, व न उचललेल्या चाकाच्या पुढेंमागें त्या ठोकाव्या.

मग सूचीकटाहन्यायानें सोपें काम आधीं करावें. माणसें, विशेषतः मुलें, उतरवून रस्त्यापासून दूर बसवावीं. चाक जमिनीवर असतांनाच त्याचे नट थोडे सैल करावे. फेरीबोटीवर पंक्चर लक्षांत आलें तर डोलत्या तक्त्यावर जॅक लावूं नये. किनाऱ्यावर उतरून पक्क्या सपाट जागेपर्यंत पंक्चर झालेल्या चाकावरच मंद गतीनें जावें. टायर गेला तरी चालेल. स्टेपनी काढून लगेच सांगाड्याखालीं आडवी सरकवावी, व चाकें बदलतांना निघालेलें चाक तिच्या जागीं ठेवावें. जॅक दगा देईल तर मोटार त्यावर थांबेल. (वेल्समधील लॅनेल्ली गांवच्या स्टेपनी रस्त्यावर १९०४ सालीं निघालेल्या जादा चाकाचें हें नांव आपल्याकडे अजून घरोघर चालतें.) आणि जॅक कितीहि उत्तम असो, केवळ त्याच्या भरंवशावर मोटारीखालीं कोणीं शिरूं नये. खालीं जावयाचें काम असेल तर तें घरीं, लोखंडी घोड्या लावून करावें.

समुद्रकांठच्या खारट हवेंत लोखंड लवकर गंजतें. खंडेनवमीस आपण घरांतील हत्यारें पूजेस मांडतों, आणि पावसाळाहि तोंवर सरत आलेला असतो. त्या दिवशीं जॅक बाहेर काढून आटे पुसावे, ग्रीस द्यावें, अंगणांत फळी घालून एक चाक उचलावें व अर्धा तास तसेंच ठेवून तें खालीं येतें कां हें पाहावें. घरांत मोटार चालविणाऱ्या प्रत्येकानें, स्त्रियांनींहि, हें काम एकदां स्वतः करावें. जॅक या परीक्षेस उतरला तरच त्यास हळदकुंकू वाहून पेटींत ठेवावें. न उतरला तर दिवाळीच्या प्रवासापूर्वीं नवा आणावा.