देशात राहणे आणि पदावर राहणे : १९३३ नंतरच्या जर्मन अध्यापकांसमोरील नैतिक प्रश्न

प्रस्तावना

ज्या देशाचे शासन अन्यायी आहे अशी आपली खात्री झाली आहे, त्या देशात राहणे योग्य आहे काय, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या व नीतिशास्त्राच्या वर्गात नेहमी उपस्थित होतो. विद्यार्थी बहुधा दोन टोकांची उत्तरे देतात. 'पटत नसेल तर निघून जावे' हे एक, आणि 'देश आपला आहे, आपण का जावे?' हे दुसरे. या दोन्ही उत्तरांत एक महत्त्वाचा फरक निसटतो. देशात राहणे ही एक बाब आहे. शासनाने दिलेल्या पदावर राहणे ही दुसरी. १९३३ ते १९४५ या काळातील जर्मन विद्यापीठांच्या उदाहरणावरून हा फरक स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. त्या काळी ज्यांच्यापुढे हा प्रश्न उभा राहिला त्यांत आपल्याच पेशातील माणसे मोठ्या संख्येने होती, म्हणून हे उदाहरण अध्यापकांना विशेष उपयोगी पडेल.

राहणे म्हणजे संमती काय?

या प्रश्नाची चर्चा जुनी आहे. प्लेटोच्या 'क्रायटो' या संवादात सॉक्रेटिस तुरुंगातून पळून जाण्यास नकार देतो. जो नागरिक नगर सोडून जाण्यास मोकळा असूनही तेथेच राहिला, त्याने तेथील कायदे पाळण्याचा जणू करारच केला आहे, असा युक्तिवाद तेथे येतो. डेव्हिड ह्यूम याने १७४८ साली या विचारावर आक्षेप घेतला. ज्या गरीब माणसाला परकी भाषा येत नाही आणि जो रोजच्या कमाईवर जगतो, तो स्वखुशीने देशात राहिला असे कसे म्हणता येईल? झोपेत असताना जहाजावर नेलेल्या माणसाला भर समुद्रात 'हवे तर उतर' असे सांगण्यासारखेच ते होईल.

ह्यूमचा आक्षेप मान्य केला तर केवळ निवास ही संमती ठरत नाही. मात्र पदाची गोष्ट वेगळी आहे. पद स्वीकारावे लागते, त्यापोटी वेतन घ्यावे लागते आणि त्या अधिकाराने कागदांवर सह्या कराव्या लागतात.

१९३३ चा कायदा

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. ७ एप्रिल १९३३ च्या कायद्याने ज्यू वंशाच्या आणि राजकीयदृष्ट्या अविश्वसनीय ठरवलेल्या सरकारी नोकरांना काढून टाकण्याची तरतूद झाली. जर्मनीत प्राध्यापक हे सरकारी नोकर असल्याने हा कायदा विद्यापीठांनाही लागू झाला आणि पुढील काही वर्षांत हजाराहून अधिक अध्यापकांनी पदे गमावली. पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना प्रारंभी सवलत होती.

गॉटिंगेन येथील भौतिकशास्त्रज्ञ जेम्स फ्रांक हे नोबेल पारितोषिकाचे मानकरी होते. ते ज्यू होते, परंतु माजी सैनिक म्हणून या सवलतीस पात्र होते. त्यांनी ती नाकारली आणि त्याच महिन्यात जाहीरपणे राजीनामा दिला. त्या दिवशी त्यांनी सोडले ते पद. देश त्यानंतर काही महिन्यांनी सोडला. त्यांच्या राजीनाम्यावर गॉटिंगेनच्या ४२ अध्यापकांनी निवेदन काढले. त्यात कायद्याचा निषेध तर नव्हताच, उलट फ्रांक यांच्या कृतीमुळे देशाच्या शत्रूंना प्रचाराचे साधन मिळते अशी तक्रार होती. हे ४२ जण कोणी जुलमी अधिकारी नव्हते. कालपर्यंत त्याच विद्यापीठात शिकवणारे ते फ्रांक यांचे सहकारी होते.

राहण्याचे समर्थन

माक्स प्लांक त्या वेळी पंचाहत्तरीला आले होते आणि कैसर विल्हेल्म संस्थेचे अध्यक्ष होते. मे १९३३ मध्ये त्यांनी हिटलरची भेट घेऊन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांच्यासारख्या ज्यू शास्त्रज्ञांची बाजू मांडली. तिचा काही उपयोग झाला नाही. तरीही तरुण हायझेनबर्ग सल्ला विचारण्यास आले तेव्हा प्लांक यांनी त्यांना राहण्यास सांगितले, असे हायझेनबर्ग यांच्या आठवणींत नमूद आहे. वादळ ओसरल्यावर पुन्हा उभारणी करण्यासाठी विद्येची काही छोटी बेटे शाबूत राहिली पाहिजेत, असा त्या सल्ल्याचा आशय होता.

हा युक्तिवाद आपल्यापैकी कोणालाही सहज पटेल. 'मी गेलो तर माझ्या जागी वाईट माणूस येईल, आणि विद्यार्थ्यांचे काय?' पण त्याची परीक्षा परिणामांवरून करावी लागते. एका प्रसंगी तो खरा ठरला. हाबर यांचा १९३४ साली परदेशात मृत्यू झाला. शिक्षण खात्याने प्राध्यापकांना बंदी केली असतानाही प्लांक यांनी जानेवारी १९३५ मध्ये त्यांची स्मृतिसभा घेतली. जेथे राहून असे काही करता येते, तेथे राहण्याला अर्थ असतो. माक्स फॉन लाउए हेही पदावर राहिले. प्रशियन अकादमीने आइनस्टाइन यांच्याविषयी काढलेल्या अपमानकारक निवेदनाला अकादमीत विरोध करणाऱ्या मोजक्या सदस्यांत ते होते. आपल्या मुलाला हिटलरसाठी लढावे लागू नये म्हणून त्यांनी १९३७ मध्ये त्याला अमेरिकेस पाठवले.

याउलट हायझेनबर्ग १९३९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत होते. तेथे राहण्याचा आग्रह झाला असतानाही ते परतले आणि युद्धकाळात शासनाच्या अणुसंशोधनात प्रमुख झाले. ज्या बेटाचे रक्षण करायचे होते, ते शासनाच्याच कामाचे झाले. विद्येचे बेट कोणाच्या उपयोगी पडेल हे ठरवण्याची शक्ती त्या बेटावरील माणसाच्या हाती राहिलेली नव्हती.

शपथेचा प्रश्न

ऑगस्ट १९३४ मध्ये सर्व सरकारी नोकरांना हिटलरच्या नावाने निष्ठेची व आज्ञापालनाची शपथ घेण्याचा हुकूम झाला. बॉन येथील धर्मशास्त्राचे प्राध्यापक कार्ल बार्ट यांनी आपल्या धर्मश्रद्धेला बाध येणार नाही एवढ्या मर्यादेत शपथ घेण्याची तयारी दाखवली. ही पुस्ती शासनाला मान्य झाली नाही आणि बार्ट यांचे पद गेले. ते मूळचे स्विस असल्याने त्यांना बाझेल येथे परतता आले. ही सोय बहुतेकांना नव्हती, हे त्यांचे उदाहरण देताना लक्षात ठेवावे. तरीही शपथ घेणाऱ्या हजारोंपैकी किती जणांनी निदान पुस्ती जोडण्याचा विचार केला, हा प्रश्न उरतोच.

जाण्यासाठी दुसरे दार हवे

'निघून जावे' असे म्हणणारे एक गोष्ट विसरतात. जाणाऱ्याला घेणारा देश लागतो. १९३३ साली जर्मनीत सुमारे पाच लाख ज्यू होते. संपत्ती असलेल्यांना देश सोडताना तिच्यावर २५ टक्के कर भरावा लागे. जुलै १९३८ मध्ये एव्हियाँ येथे ३२ देशांची परिषद भरली, पण बहुतेक देशांनी आपली दारे अधिक उघडण्यास नकार दिला. ब्रिटनमध्ये रदरफर्ड यांच्या अध्यक्षतेखाली १९३३ मध्ये अध्यापकांच्या साहाय्यासाठी मंडळ स्थापन झाले, म्हणून अनेकांना जाता आले. निलंबित झालेले माक्स बोर्न सी. व्ही. रामन यांच्या निमंत्रणावरून १९३५-३६ मध्ये काही महिने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. मात्र येथे त्यांची कायम नेमणूक होऊ शकली नाही आणि ते एडिंबरोला गेले.

आपल्या इतिहासातही याचा दाखला आहे. १९२० च्या हिजरत चळवळीत हजारो मुसलमान जमीनजुमला विकून अफगाणिस्तानकडे निघाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेथील सरकारने प्रवेश थांबवला आणि असंख्य कुटुंबे निर्धन होऊन परतली. त्यांच्या निष्ठेत उणीव नव्हती. पलीकडचे दार बंद झाले होते. म्हणून राहण्याच्या नीतीची चर्चा आसरा देण्याच्या नीतीवाचून अपुरी राहते.

युद्धानंतरचा वाद

१९४५ मध्ये लेखक फ्रांक टीस यांनी देशात राहिलेल्या साहित्यिकांची भूमिका 'आंतरिक स्थलांतर' या शब्दांनी मांडली. देशात राहून आम्हीही मनाने त्या राजवटीबाहेरच होतो, आणि दूरवरून पाहणाऱ्यांपेक्षा आम्ही अधिक सोसले, असे त्यांचे म्हणणे होते. १९३३ पासून परदेशात असलेल्या थॉमस मान यांनी ते मानले नाही. त्या बारा वर्षांत जर्मनीत छापली गेलेली पुस्तके त्यांना हातात घेण्याच्याही लायकीची वाटत नव्हती.

या वादात सर्वांत संयत विचार हायडेलबर्गच्या कार्ल यास्पर्स यांनी मांडला. पत्नी ज्यू असल्याने १९३७ मध्ये त्यांचे पद गेले. १९४२ मध्ये त्यांना एकट्याला बाझेलला जाण्याची परवानगी मिळाली, परंतु पत्नीला मागे ठेवून जाणे त्यांनी नाकारले. म्हणजे ते देशात राहिले, पण पदावर नव्हते. १९४६ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी दोषाचे चार प्रकार सांगितले : कायद्याच्या भंगाचा गुन्हेगारी दोष, शासनाच्या कृत्यांबद्दल प्रत्येक नागरिकावर येणारे राजकीय उत्तरदायित्व, स्वतःच्या कृतीबद्दल व गप्प राहण्याबद्दलचा नैतिक दोष, आणि दुसरे मारले जात असताना आपण जिवंत राहिलो, ही सर्वांत खोल जाणीव. यांपैकी नैतिक दोषाचा निवाडा ज्याचा त्याने आपल्या जमीरपुढे करायचा असतो. म्हणूनच संपूर्ण राष्ट्राला सरसकट गुन्हेगार ठरवणे यास्पर्स यांना मान्य नव्हते.

समारोप

वरील विवेचनावरून विद्यार्थ्यांपुढे तीन प्रश्न ठेवता येतील. माझ्या पदावरून प्रत्यक्षात कोणते काम होत आहे आणि ते कोणाच्या उपयोगी पडत आहे? माझ्या राहण्याची किंमत मी देत आहे की ज्याला काढले गेले तो? कोणती सही, कोणती शपथ मी करणार नाही, हे मी आधी ठरवले आहे काय? तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण मर्यादा ऐन वेळी ठरवायला बसले की ती दर वेळी थोडी मागे सरकते.

ज्याला या प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे देता येतात, त्याने राहावे किंवा जावे. दुसऱ्या कोणाला ते त्याच्या वतीने ठरवता येणार नाही. परंतु गॉटिंगेनच्या त्या ४२ जणांना राहणे किंवा जाणे यांपैकी काहीच ठरवायचे नव्हते. त्यांनी फक्त आपल्या सहकाऱ्याविरुद्धच्या कागदावर सही न करणे पुरेसे होते. तेवढे करण्यासाठी त्यांना देशही सोडावा लागला नसता आणि पदही.