पाच देशांतला वास्तुकार
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गवयानं देश सोडला तर त्याचा गळा त्याच्याबरोबर जातो. वास्तुकाराचं तसं नसतं. त्याला जमीन लागते, घर बांधून घेणारा माणूस लागतो, गवंडी लागतात, नगरपालिकेची परवानगी लागते. देश बदलला की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून जमवायचं. गाब्रिएल गेव्रेकियान या आर्मेनियन वास्तुकाराला हे आयुष्यात अनेकदा करावं लागलं. म्हणून आज त्यांच्याविषयी बोलावंसं वाटलं.

त्यांचा जन्म इस्तंबूलमधल्या आर्मेनियन कुटुंबातला. बालपण गेलं तेहरानमध्ये आणि शिक्षण झालं व्हिएन्नात. १९२१ मध्ये ते पॅरिसला आले आणि रोबेर माले-स्तेवां या नावाजलेल्या वास्तुकाराबरोबर काम करू लागले. पण त्यांचं नाव झालं ते एका छोट्या बागेमुळे.

१९२५ मध्ये पॅरिसला सजावटी कलांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्यातल्या बागांची व्यवस्था पाहणाऱ्या फोरेस्तिए यांनी गेव्रेकियानना सांगितलं, पर्शियन वळणाची, पण आधुनिक बाग करा. पर्शियन बाग म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा आठवा. भिंतीनं बंदिस्त केलेली जागा, पाण्याच्या पाटांनी केलेले चार भाग आणि काटेकोर भूमिती. त्यालाच चारबाग म्हणतात.

गेव्रेकियान यांच्या वाट्याला आलेली जागा त्रिकोणी. त्यांनी सगळी बागच त्रिकोणांची केली. फुलांचे वाफे त्रिकोणी, हिरवळ त्रिकोणी, मधली पाण्याची कुंडंही त्रिकोणीच. कुंडांच्या तळावर रोबेर दलोने या चित्रकारानं रंग भरले. मध्यभागी काचेचा गोल होता. तो फिरायचा आणि रात्री आतून उजळायचा. या बागेत कुणी शिरायचं नव्हतं, बाहेर उभं राहून पाहायचं. पर्शियन लघुचित्रात बाग जशी आपल्याकडे कललेली दिसते, तशीच मला ही वाटते.

ती पाहून नोआय या धनिक उमरावानं दक्षिण फ्रान्समधल्या इयेर इथं आपल्या घरासाठी त्यांच्याकडून दुसरी त्रिकोणी बाग करून घेतली. १९२८ मध्ये आधुनिक वास्तुकारांची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली. चंडीगडमुळे आपल्या ओळखीचे झालेले ल कोर्ब्युझिए तिच्या संस्थापकांत होते आणि पहिले सरचिटणीस होते गेव्रेकियान. १९३२ मध्ये व्हिएन्नाच्या वेर्कबुंड वसाहतीत त्यांची दोन घरं उभी राहिली.

नेमक्या याच भराच्या काळात त्यांनी पॅरिस सोडलं. १९३३ मध्ये ते इराणला गेले. तिथं सरकारी इमारती आणि अनेक बंगले बांधले. १९३७ मध्ये लंडन गाठलं, पण तिथं जम बसला नाही. १९४० मध्ये ते फ्रान्सला परतले, तर तिथं युद्ध. १९४८ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि पुढची दोन दशकं इलिनॉय विद्यापीठात शिकवत राहिले. इमारती मागे पडल्या, विद्यार्थी पुढे आले. १९७० मध्ये फ्रान्समधल्या आंतीब इथं त्यांचं निधन झालं.

मी वास्तुकला शिकवतो. वर्गात ल कोर्ब्युझिए हे नाव सर्वांना ठाऊक असतं, गेव्रेकियान क्वचितच कुणाला. गुणवत्ता कमी होती म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. वास्तुकलेचा इतिहास आपण देशवार लिहितो. फ्रेंच पुस्तकात ते पाहुणे, ऑस्ट्रियन पुस्तकात दोन घरांपुरते, इराणी पुस्तकात चार वर्षांपुरते. सगळं एकत्र मांडलं तरच माणूस पुरा दिसतो.

प्रदर्शनातली बाग प्रदर्शनाबरोबरच गेली. इयेरची बाग मात्र पुढे पुन्हा उभारण्यात आली. तेहरानमध्ये लहानपण घालवलेल्या एका मुलानं चारबागेची आठवण किती दूरवर नेली, हे तिथं आजही पाहता येतं.