गाय काटक, पण दूध उकळूनच!

पावसाळ्यात मुलुंड-घाटकोपरकडची तरुण मंडळी कळसूबाई, भंडारदऱ्याकडे फिरायला जातात, तेव्हा धो-धो पावसात निवांत चरणारी ठिपकेदार गुरे त्यांना हमखास दिसतात. ही डांगी जातीची गुरे. अकोले, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, शहापूरचा डोंगरपट्टा आणि गुजरातमधील डांग हा त्यांचा मुलूख. या गुरांच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे पावसाचे पाणी अंगावर मुरत नाही. खूर काळे व टणक असल्याने खडकाळ वाटेवर आणि भाताच्या चिखलातही बैल टिकून काम करतात. राजूर आणि घोटीच्या बाजारात या बैलांना मान आहे. गाय मात्र दूध बेताचेच देते. ही जात मुळात कष्टाची, दुधाची नव्हे.

अशा काटक देशी गुरांचे कौतुक आता शहरातही वाढले आहे, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र त्याबरोबर एक समजूतही पसरली आहे. गाय देशी, निरोगी, रानात चरणारी. मग तिचे दूध औषधासारखे, ते कच्चे प्यायले तरी चालेल! अंधेरी-बोरिवलीच्या सोसायट्यांतून काचेच्या बाटलीत येणारे ‘ए-टू’ दूध काही घरांत याच विश्वासाने लहान मुलांना दिले जाते. म्हणून दोन गोष्टी नीट समजून घेऊ.

‘ए-टू’ म्हणजे काय?

दुधात बीटा-केसीन नावाचे प्रथिन असते. त्याचे ए-वन आणि ए-टू हे दोन मुख्य प्रकार. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या शास्त्रज्ञांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या तपासणीत आपल्या देशी गायींमध्ये जवळजवळ सर्वत्र ए-टू प्रकारच आढळला. पण म्हशींमध्येही तोच आढळला! गोरेगावची आरे वसाहत १९४९ साली उभी राहिली ती म्हशींसाठीच. म्हणजे मुंबईकर पिढ्यान्‌पिढ्या जे म्हशीचे दूध पीत आले, तेही ए-टूच. ए-वन दुधामुळे मधुमेह किंवा हृदयविकार होतो, असा कार्यकारणसंबंध युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेला २००९ च्या आढाव्यात आढळला नाही. तेव्हा केवळ या दोन अक्षरांसाठी दुप्पट पैसे मोजण्याचे कारण नाही. दुधातील साखर न पचल्यामुळे ज्यांचे पोट बिघडते, त्यांनाही देशी गायीच्या दुधाने सुटका नाही. ती साखर सर्वच गायी-म्हशींच्या दुधात असते.

खरा धोका कच्च्या दुधाचा

काटक जनावर ऊन-पाऊस सोसते, म्हणून त्याच्या अंगात रोगजंतू नसतातच असे नाही. वरून धडधाकट दिसणाऱ्या गायीच्या दुधातूनही क्षयाचे जंतू माणसात येऊ शकतात. मग मानेच्या गाठी किंवा आतड्याचा क्षय होतो. दुसरा रोग ब्रुसेलोसिस. यात गाभण जनावर गाभडते. माणसाला मात्र आठवडेच्या आठवडे चढउतार करणारा ताप, रात्रीचा घाम, सांधे आणि कंबरदुखी यांचा त्रास होतो. असा ताप रेंगाळत असेल आणि कच्चे दूध पिण्यात आले असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. गावी गेल्यावर गोठ्यातले धारोष्ण दूध आग्रहाने पाजतात, तेही या धोक्यापासून मुक्त नाही.

उपाय सोपा आणि बिनखर्चाचा आहे. सुटे दूध ढवळत ढवळत चांगली उकळी येईपर्यंत तापवावे, दोन-तीन मिनिटे उकळू द्यावे, गार झाले की झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. उकळल्याने दुधातील कॅल्शियम आणि प्रथिने वाया जात नाहीत. काही जीवनसत्त्वे थोडी घटतात, पण त्यासाठी रोग पत्करणे शहाणपणाचे नव्हे.

तान्ह्या बाळाला पहिले सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे. वर्षाच्या आत गायीचे दूध हे मुख्य अन्न करू नये, मग गाय डांगी असो, गीर असो वा संकरित. त्यात लोह फार कमी असते आणि बाळाला रक्तक्षय होऊ शकतो.

डांगी गाय जपलीच पाहिजे. सह्याद्रीच्या पावसात टिकणारे दुसरे जनावर सहजासहजी मिळायचे नाही. पण तिचे गुण तिच्या कातडीत आणि खुरांत आहेत. दुधाचे आरोग्य मात्र आपल्या स्वयंपाकघरातील पातेल्यात ठरते.