दृश्य संवेदनाची तत्त्वे आणि संकेतस्थळांची सुगम्यता

संकेतस्थळावरील मजकूर वाचण्याआधी वाचकाच्या दृष्टीने त्याची मांडणी टिपलेली असते. समष्टिवादी मानसशास्त्राचे एक प्रवर्तक मॅक्स वर्थायमर यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात ही प्रक्रिया ठिपक्यांच्या साध्या आकृत्यांद्वारे स्पष्ट केली. जवळजवळ असलेले घटक एका गटाचे भासतात, हे सामीप्याचे तत्त्व होय. प्रवेश-अर्जात ‘जन्मतारीख’ हा शब्द वरच्या व खालच्या चौकटीपासून सारख्याच अंतरावर असेल, तर विद्यार्थी माहिती चुकीच्या चौकटीत भरण्याची शक्यता वाढते. हा दोष विद्यार्थ्याचा नसून मांडणीचा असतो.

दुसरा प्रश्न रंगाचा व उठावाचा आहे. लाल व हिरवा यांतील फरक काहींना ओळखता येत नाही. म्हणून अर्जातील चूक केवळ लाल चौकटीने न दर्शविता शब्दांतही सांगावी लागते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत सर्वसाधारण आकाराची अक्षरे व पार्श्वभूमी यांच्यातील तेजस्वितेचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, असा मध्यम स्तराचा निकष आहे. पांढऱ्यावर काळ्या अक्षरांसाठी ते २१ : १ येते, शुद्ध लाल अक्षरांसाठी मात्र जेमतेम ४ : १. म्हणजे ‘महत्त्वाची सूचना’ ज्या रंगात आवर्जून दिली जाते, तोच रंग लहान अक्षरांस अपुरा ठरतो!

अंध वाचकाच्या बाबतीत सामीप्य व रंग दोन्ही निरुपयोगी होतात. त्याची स्क्रीन रीडर आज्ञावली पडद्यामागील संकेत वाचते. कोणते नाव कोणत्या चौकटीचे, हे त्या संकेतातच नमूद असावे लागते. मराठीत येथे एक विशेष अडचण आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांकांना देवनागरी आकार दिलेले असतात. डोळ्यांना शुद्ध मराठी दिसते, तर स्क्रीन रीडरला अर्थहीन रोमन अक्षरे मिळतात. सही-शिक्क्यासह स्कॅन केलेले परिपत्रक ही तर निव्वळ प्रतिमा. त्यातून बहुधा काहीच ऐकू येत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ ने इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील आशय सुगम करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांची उपलब्धता संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानली. शिष्यवृत्तीची अंतिम तारीख केवळ स्कॅन केलेल्या प्रतिमेत असेल, तर अंध विद्यार्थ्याला ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते. मूळ परिपत्रक बहुधा संगणकावरच टंकलिखित झालेले असते. त्याची युनिकोडमधील प्रत स्कॅनशेजारी ठेवणे एवढेच काम उरते.