दोन टीव्ही आणि एक छत्री

“दुसरा टीव्ही म्हणजे दुसरी छत्री.” शिरूर असो की दौंड, माडीवरच्या खोलीसाठी टीव्ही घ्यायचा म्हटलं की हे वाक्य कुणीतरी ऐकवतंच, आणि माणसं नको तो खर्च करून बसतात. दोन्ही खोल्यांत एकाच कंपनीचं कनेक्शन हवं असेल तर छत्री एकच पुरते. बदलायचा असतो तो एलएनबी, म्हणजे दांड्यावरचा सिग्नल पकडणारा भाग. एका तोंडाचा काढून दोन तोंडांचा बसवायचा, प्रत्येक तोंडातून एक वायर खाली आणायची आणि प्रत्येक वायरीला एक बॉक्स.

“दोन वायरी कशाला? मध्ये स्प्लिटर लावू.” ही सवय केबलच्या काळातली. केबलच्या वायरीतून सगळी चॅनेल एकदमच येतात, म्हणून तिला फाटा फोडला तरी भागतं. उपग्रहाचं तसं नाही. त्याच्या लहरी उभ्या आणि आडव्या अशा दोन प्रकारच्या असतात, आणि एलएनबीचं एक तोंड एका वेळी त्यातला एकच प्रकार खाली सोडतं. कोणता, ते बॉक्स ठरवतो. त्याच वायरीतून तो वर वीज पाठवतो: १३ व्होल्ट म्हणजे उभ्या लहरी, १८ म्हणजे आडव्या. एका वायरीवर दोन बॉक्स बसले आणि दोघांनी वेगवेगळं मागितलं, की १८ व्होल्टवाल्याचं चालतं आणि दुसऱ्याच्या पडद्यावर ‘नो सिग्नल’ येतं. एका खोलीत चॅनेल बदललं की दुसऱ्या खोलीतली मालिका जाते. संशय बॉक्सवर घेतला जातो, चांगला चालणारा बॉक्स बदलून आणला जातो, आणि दुखणं मात्र जिथल्या तिथे. अशा वेळी पैसे दुसऱ्या वायरीवर घालावेत.

एकाच बॉक्सवर दोन टीव्ही जोडता येतात, हे खरं आहे. पण दोन्हीकडे तेच चॅनेल दिसतं. हॉटेलात ते ठीक. घरात आजीची मालिका आणि नातवाचा सामना एकाच वेळी असतो.

“मोठ्या टीव्हीला रिचार्ज, धाकट्याला फ्री डिश, छत्री तीच.” यातला पहिला भाग मला मनापासून पटतो. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत पगारावर घर चालवणाऱ्याने दुसऱ्या टीव्हीसाठी दरमहा पैसे का भरावेत? फ्री डिश ही दूरदर्शनची सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. बॉक्स एकदा घ्यायचा, रिचार्ज नाही. सह्याद्री आहेच, खासगी चॅनेल लिलावातून जागा घेतात, त्यामुळे यादी बदलत राहते. ठरावीक मालिकेसाठी घेत असाल तर ते चॅनेल आज यादीत आहे का, हे आधी बघा.

छत्री मात्र इथे खरोखरच वेगळी लागते. फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, टाटा प्लेचे ८३ अंशांवर, एअरटेलचा १०८.२ वर. दौंडहून पाहिलं तर फ्री डिशची छत्री आग्नेयेला तोंड करते, टाटा प्लेची त्याहून दक्षिणेकडे, एअरटेलची पूर्वेकडे आणि बरीच खाली झुकून. पण इथे एक बचतही होते. काही नव्या टीव्हींमध्ये उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो. तसा टीव्ही असेल तर छत्रीची वायर थेट मागे लावून फ्री डिशची बरीच चॅनेल बॉक्सशिवाय दिसतात. बॉक्स विकत घेण्याआधी टीव्हीचं माहितीपत्रक वाचावं.

“दुसऱ्या बॉक्सला बिल दुप्पट.” तसं असायलाच हवं असं नाही. २०२० मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने घरातल्या दुसऱ्या कनेक्शनचं नेटवर्क शुल्क पहिल्याच्या ४० टक्क्यांपर्यंतच ठेवलं होतं. जुलै २०२४ मध्ये या शुल्कावरची कमाल मर्यादा उठवली गेली, म्हणून आता स्वतःच विचारावं लागतं: दुसरा बॉक्स पहिल्याच्याच खात्यात जोडणार का, शुल्क किती, आणि त्यावर वेगळी, कमी चॅनेल निवडता येतील का? जुन्या, पाठीला फुगा असलेल्या टीव्हीसाठी एचडीचे पैसे भरू नयेत. त्याच्यावर एचडी चित्र उमटत नाही.

शेवटचा गैरसमज उंचीचा. छत्री पाण्याच्या टाकीवर चढवली म्हणजे सिग्नल वाढतो, असं समजतात. उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटरवर आहे. वीस फुटांनी काही फरक पडत नाही. समोरचं आकाश मोकळं हवं, एवढंच. फ्री डिशचा उपग्रह आपल्याकडून क्षितिजाच्या वर सुमारे ५९ अंशांवर दिसतो, म्हणजे आग्नेयेला छत्रीपासून दहा फुटांवर छत्रीहून पंधरा फूट उंच भिंत असली तरी ती आड येत नाही. मुसळधार पावसात चित्र थोडा वेळ जाणारच, कारण या लहरी पाण्यात क्षीण होतात. पण वळवाच्या वाऱ्याने छत्री जराशी हलली असेल तर साध्या सरींतही चित्र फुटतं, आणि तेव्हा शिडीशिवाय हात पोचेल अशा ठिकाणी लावलेल्या छत्रीचे नट लगेच आवळता येतात.